पुढच्या चाकाची खरखर : हब उघडण्याआधी काय ऐकायचे

ट्रकच्या पुढच्या चाकातून खरखर ऐकू आली की बहुतेक ड्रायव्हर गॅरेजच्या दारात उतरता उतरताच निदान सांगून टाकतात, "बेअरिंग गेलंय, बदलून टाका." कधी ते खरे निघते. पण जवळपास तसाच आवाज ब्रेकचा घासलेला लायनर काढतो, ब्रेकमागचे वाकलेले डस्ट कव्हर काढते, स्टिअरिंगचा कोरडा पडलेला किंगपिन काढतो आणि वाकडातिकडा झिजलेला टायरसुद्धा काढतो. मग होते असे की नवे बेअरिंग बसते, गाडी बाहेर पडते आणि ऑटोनगरच्या कोपऱ्यावर पुन्हा तीच खरखर सुरू होते. पैसे गेले, दिवस गेला आणि मूळ बिघाड चाकात तसाच राहिला.

म्हणून माझे सांगणे एवढेच की पाना हातात घेण्याआधी आवाजाची नीट चौकशी करा. तो गाडीच्या वेगाबरोबर वाढतो का? ब्रेकवर पाय ठेवला की बदलतो का? वळणावर बदलतो का? की फक्त खड्ड्यातच येतो? या चार प्रश्नांची उत्तरे घेऊन आलेल्या गाडीचे निम्मे काम हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडण्याआधीच झालेले असते. ही उत्तरे द्यायला मेस्त्रीपेक्षा ड्रायव्हर जास्त लायक आहे, कारण आवाज चालू असताना गाडीत तोच बसलेला असतो.

आपल्या बेळगाव भागात तर हे फारच मनावर घ्यायला हवे. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की चिकोडी, हुक्केरी, निपाणीपासून अथणीपर्यंतच्या ऊसपट्ट्यात गाडी एक दिवस उभी राहिली तरी मालकाचा जीव खालीवर होतो. ओल्या चाकोरीतून उसाने भरलेली गाडी रस्त्यावर काढायची, मग महामार्गाला वंटमुरी किंवा तवंदीचा घाट. माल गोव्याला जायचा असेल तर खानापूर, रामनगर करत अनमोडचा उतार. अशा दिवसांत "हंगाम संपला की बघू" हे वाक्य फार सहज तोंडातून निघते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये भाराच्या मर्यादा वाढवल्या तेव्हा दोन टायरच्या पुढच्या ॲक्सलची मर्यादा ६ टनांवरून ७ टन झाली. म्हणजे अगदी नियमात भरलेल्या गाडीच्याही एकेका पुढच्या चाकावर साडेतीन टन भार येऊ शकतो, आणि गाडी वळवायचे कामही याच चाकांचे. मागे एका बाजूला दोन टायर असतात, एक दगावला तर दुसरा थोडा वेळ तोलून धरतो. पुढे तसा आधार नाही.

चाकाच्या पोटात काय काय घासू शकते

नेहमीच्या मालवाहू ट्रकमध्ये पुढच्या ॲक्सलला इंजिनाची ताकद जात नाही. ॲक्सलच्या दोन्ही टोकांना एक जाड उभी पिन असते, तो किंगपिन. स्टिअरिंग फिरवले की त्याच्याभोवती स्टब ॲक्सल डावी-उजवीकडे वळतो. वरून येणारा भार झेलायला तिथे एक थ्रस्ट बेअरिंग असते. स्टब ॲक्सलच्या दांड्यावर हब बसतो आणि हब नि दांडा यांच्यामध्ये दोन टेपर रोलर बेअरिंग असतात, आतले मोठे आणि बाहेरचे लहान. गॅरेजमध्ये यांना कप-कोन म्हणतात. कप हबमध्ये ठोकून बसवलेला असतो आणि रोलर असलेला कोन दांड्यावर सरकवलेला. रोलर एका टोकाला निमुळते असल्यामुळे हे बेअरिंग वरचा भारही घेते आणि वळणावर चाकाला बसणारा आडवा रेटाही सोसते. घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये अमेरिकेत याचे पेटंट घेतले. तेव्हाही अडचण हीच होती. गाडी वळली की साध्या बेअरिंगला आडवा जोर सोसत नसे.

हबच्या आतल्या बाजूला ग्रीस धरून ठेवणारे ऑइल सील, बाहेर नट, वॉशर, लॉक आणि वर कॅप. हबबरोबर ब्रेकचा ड्रम फिरतो आणि ड्रमच्या पोटात दोन ब्रेक शू असतात. हवेचा ब्रेक असलेल्या गाडीत पेडल दाबले की हवेच्या चेंबरचा दांडा स्लॅक ॲडजस्टर नावाच्या दांडीला ढकलतो, तो एस आकाराचा कॅम फिरवतो, कॅम दोन्ही शू फाकवतो आणि शूंवरचा लायनर ड्रमला घासतो. पाय उचलला की रिटर्न स्प्रिंग शूंना मागे ओढते.

एवढ्या जागेत एकमेकांना घासू शकणाऱ्या जोड्या मोजक्याच आहेत. रोलर आणि कप, लायनर आणि ड्रम, ड्रमची कड आणि डस्ट कव्हर, किंगपिन आणि त्याचे बुश. प्रत्येक जोडी घासते ती ठरावीक प्रसंगी, आणि तो प्रसंग पकडला की जोडी सापडते.

रस्त्यावरची चौकशी

आधी गाडी उभी ठेवून इंजिन रेस करा. आवाज आला तर चाकाचा विषय संपला, तो इंजिनाच्या बाजूचा आहे. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना पुढून हुंकारल्यासारखा आवाज येत असेल तर पॉवर स्टिअरिंगचे ऑइल आणि पंप बघा.

मग सपाट आणि मोकळा रस्ता गाठा. पंचवीस-तीसच्या वेगात क्षणभर क्लच दाबा. इंजिनाचा आवाज खाली जाईल. खरखर तशीच राहिली तर ती चाकाच्या किंवा टायरच्या बाजूची धरा. ही चाचणी सपाट रस्त्यावरच करायची. घाटात क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी सोडायची नाही, चाचणीसाठीसुद्धा नाही.

टायर आणि बेअरिंग यांत गफलत फार होते. फरक ओळखायला रस्ताच मदत करतो. टायरची घुरघुर सिमेंटच्या तुकड्यावर वेगळी, नव्या डांबरावर वेगळी आणि खडबडीत गावरस्त्यावर आणखी वेगळी. बेअरिंगला खाली कोणता रस्ता आहे याचे काही पडलेले नसते, त्याचा सूर फक्त वेगाबरोबर चढतो आणि उतरतो. गाडी थांबवून टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने धार लागत असेल, किंवा ठिकठिकाणी खोलगट झिजले असेल, तर घुरघुर तिथली असण्याचा संभव मोठा. अर्थात टायर असा झिजला तो का, हा प्रश्न उरतोच. चाकांची अलाइनमेंट बिघडलेली असेल, नाहीतर किंगपिन किंवा बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल.

आता लय ऐका. १०.०० आर २० मापाच्या टायरचा घेर साधारण ३.३ मीटर भरतो. म्हणजे चालण्याच्या वेगात गाडी सोडली तर चाकाचा फेरा कानाने सहज मोजता येतो. टायरवर खडूने खूण करा, एकाला बाजूने सुरक्षित अंतरावर चालायला सांगा. खूण खाली आली की दर वेळी "खर्र" असा आवाज एकदाच येत असेल तर चाकाबरोबर फिरणारी एखादी जागा न फिरणाऱ्या जागेला लागते आहे. ओव्हल, म्हणजे लंबगोल, झालेला ड्रम असेल, ड्रमच्या कडेला लागणारे वाकलेले कव्हर असेल, नाहीतर मधे अडकलेला खडा असेल. बेअरिंगची लय अशी जुळत नाही. हब एक फेरा पूर्ण करतो तोवर रोलर धरून ठेवणारा पिंजरा अर्ध्यापेक्षा थोडाच जास्त फिरलेला असतो, त्यामुळे त्याचे ठोके खुणेला चुकतात. शिवाय वेग थोडा वाढला की ते एकमेकांत मिसळून सलग घरघर होते, जात्यात वाळू पडल्यासारखी.

ब्रेकचा प्रश्न सगळ्यांत जास्त सांगून जातो. पेडल हलके दाबल्यावर खरखर सुरू झाली किंवा वाढली तर लायनर आणि ड्रम बघायचे. लायनर झिजून रिव्हेटची डोकी ड्रमला लागली की लोखंडावर लोखंड घासल्याचा स्पष्ट आवाज येतो आणि ड्रमवर गोल चऱ्या पडतात. पिकअप किंवा छोट्या टेम्पोला पुढे डिस्क ब्रेक असेल तर आधी "चीं" असा बारीक आवाज येतो. अनेक पॅडवर त्यासाठीच पत्र्याची जीभ बसवलेली असते. तिकडे दुर्लक्ष केले की पुढे पॅडची लोखंडी पाठ डिस्कला कुरतडते. उलट, पेडल हलके दाबल्यावर आवाज थांबत असेल तर काहीतरी सैल आहे आणि दाब आल्यावर ते जागेवर बसते. खिळखिळा झालेला शू किंवा डिस्कचा सैल पॅड तिथे सापडतो. पण एवढ्यावर बेअरिंगला निर्दोष ठरवू नका. ब्रेक लागला की ड्रम शूंवर धरला जातो आणि सैल हबही क्षणभर स्थिर होतो.

पावसाळ्यात रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकना खरखरते आणि मग गप्प होते. तो ड्रमवरचा वरवरचा गंज असतो, त्याची काळजी नको. रोज कोरड्या दिवशीही तसे होत असेल तर मात्र बघा.

वळणाचा प्रश्न बेअरिंगसाठी. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकावर जातो, उजवीकडे वळली की डाव्यावर. रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगात हलकासा डावा-उजवा झोल देऊन बघा. डावीकडे वळताना घरघर वाढली आणि उजवीकडे वळताना कमी झाली तर संशय उजव्या चाकाच्या बेअरिंगवर. हा पक्का पुरावा नव्हे, दिशा दाखवणारी खूण आहे. भरलेल्या उसाच्या गाडीला ही चाचणी करायची नाही. माल उंचावर असतो आणि गाडी कलंडायला वेळ लागत नाही.

अगदी सावकाश, गाडी अंगणात वळवताना "कर्र" असा आवाज येत असेल आणि सरळ रस्त्यावर तो पूर्ण बंद असेल, तर बेअरिंगकडे जाऊच नका. तो किंगपिनचा किंवा त्याच्या थ्रस्ट बेअरिंगचा आवाज. ग्रीस गनने निपलमधून ग्रीस मारून बघा. वरच्या आणि खालच्या, दोन्ही बुशांच्या कडेने जुने काळे ग्रीस बाहेर यायला हवे. एका ठिकाणी येत नसेल तर तिथली वाट बुजलेली आहे. फक्त खड्ड्यात येणारी खडखड ही कमानपाटे, शॅकल पिन, यू बोल्ट यांची, तिचा फिरण्याशी संबंध नाही.

एक सावधानता. चॅसिसमधून आवाज लांब जातो. डाव्या चाकाची घरघर केबिनमध्ये उजवीकडून आल्यासारखी वाटू शकते. म्हणून कोणते चाक हे कानावरून ठरवू नका, ते जॅक लावल्यावर ठरते.

एक उसाची गाडी

हुक्केरी भागातून कारखान्याला ऊस वाहणारी एक गाडी अशीच आली होती, डाव्या पुढच्या चाकाची तक्रार घेऊन. ड्रायव्हरचे ठरलेले होते. "मेस्त्री, बेअरिंगचा आवाज यायलाय. दुपारपर्यंत बदलून द्या, सांजला कारखान्यात नंबर हाय."

मेस्त्रीने विचारले, "मामा, ब्रेक मारल्यावर वाढतंय का कमी होतंय?"

"तसं काय मी बघितलो नाही."

"चला, बघून येऊ."

रिकामी गाडी सर्व्हिस रोडवर नेली. सरळ जाताना खर्र, खर्र असा तुटक आवाज, चाकाच्या फेऱ्याला बरोबर एकदा. डावी-उजवीकडे वळवले तरी फरक नाही. ब्रेकवर पाय ठेवला की तोच आवाज सलग झाला. तिथेच बेअरिंगचा संशय फिका पडला. परत आल्यावर क्लीनरने मागच्या प्लेटच्या भोकातून बॅटरी मारून लायनर बघितला आणि म्हणाला, "लायनर तर चांगला जाड हाय." खरेच होता.

ड्रम उतरवल्यावर उलगडा झाला. त्या भोकातून लायनरची आतली कड दिसते. बाहेरची कड, ड्रमच्या तोंडाकडची, रिव्हेटपर्यंत खलास झाली होती आणि ड्रमच्या त्याच पट्ट्यात बोट अडेल इतकी खोल चरी पडली होती. आत जाड आणि बाहेर शून्य, असा लायनर तिरका का झिजावा? मेस्त्रीने एस कॅमचा दांडा हाताने हलवला आणि तो बुशात वरखाली डगडगला. बुश झिजल्यामुळे कॅम तिरका बसत होता, शू तिरके फाकत होते आणि सगळा दाब एका कडेवर येत होता. ड्रम थोडा ओव्हल होता म्हणून फेऱ्याला एकदा आवाज.

बेअरिंग धुऊन पुसून उजेडात बघितले, रोलर स्वच्छ आणि चकचकीत होते. तेच परत बसवले, नवे ऑइल सील आणि नवे ग्रीस घालून. ड्रम बदलला, कॅमचे बुश बदलले आणि लायनर दोन्ही पुढच्या चाकांचे बदलले, कारण एकाच बाजूला नवा लायनर घातला तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते. ड्रायव्हरच्या सांगण्यावरून नुसते बेअरिंग बदलले असते तर तोच झिजलेला लायनर घेऊन गाडी वंटमुरीच्या उतारावर गेली असती. मला या गोष्टीतली सगळ्यांत महत्त्वाची जागा वाटते ती झिजलेल्या बुशाची. लायनर बदलला की आवाज गेलाच असता, पण बुश तसेच राहिले असते तर पुढच्या हंगामाआधीच नवा लायनरही तसाच तिरका झिजला असता.

जॅकवरची तपासणी

सपाट आणि कडक जमीन निवडा. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. बहुतेक ट्रकमध्ये पार्किंग ब्रेक मागच्याच चाकांना धरतो, त्यामुळे पुढे जॅक लावताना गाडी मागच्या चाकांवर अवलंबून असते. ॲक्सलखाली जॅक लावून चाक उचला आणि लगेच स्टँड किंवा लाकडी स्लीपर सारा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, दोन मिनिटांचे काम असले तरी.

चाक हाताने फिरवा. दुसरा हात कमानपाट्यावर ठेवा. खराब बेअरिंगची थरथर पाट्यापर्यंत येते आणि कानाला न कळणारी खरखर हाताला कळते. चाक फिरताना जड जात असेल तर ब्रेक अडकलेला आहे. पेडल एकदा दाबून सोडायला सांगा आणि शू मागे येतात का बघा. रिटर्न स्प्रिंग तुटलेली, कॅम गंजून अडकलेला किंवा स्लॅक ॲडजस्टर जास्त आवळलेला, या तिघांपैकी एक सापडते.

मग टायरखाली पहार घालून चाक वर उचलून बघा, वर-खाली धरून हलवा. प्ले लागला तर तो बेअरिंगचा की किंगपिनचा? याला एक सोपी युक्ती आहे. दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हब आणि स्टब ॲक्सल एकत्र धरले जातात. प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा होता, तसाच राहिला तर किंगपिनचा. ही एक चाचणी केली तरी विनाकारण उघडले जाणारे कितीतरी हब वाचतील. त्यानंतर चाक डाव्या-उजव्या बाजूंना धरून हलवा. तिथला प्ले बहुधा रॉड एंड किंवा स्टिअरिंगच्या जोडांचा असतो.

डोळ्यांनाही काम द्या. टायरच्या आतल्या भिंतीवर किंवा रिमवर ग्रीसचे फराटे उडालेले असतील तर ऑइल सील फुटले आहे. ग्रीस बाहेर पडते त्याच वाटेने धूळ आणि पाणी आत जाते, आणि लायनरवर ग्रीस पडले तर ब्रेकही जातो. एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत खरखरीबरोबर एबीएसचा दिवा लागत असेल तर हबचा प्ले वाढून सेन्सरचे अंतर बिघडले असण्याची शक्यता आहे.

ड्रमच्या पोटातली काळी पूड हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसात बसले की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्या. गॅरेजमधल्या पोरांना हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे आवर्जून लिहितो आहे.

बेअरिंग काय सांगते

बेअरिंग खरेच गेले असेल तर ते का गेले हे त्याच्या अंगावर लिहिलेले असते. केरोसिनमध्ये धुवा, पुसा आणि उन्हात धरून बघा. धुतल्यावर हवेच्या दाबाने गरगर फिरवायची सवय अनेकांना आहे. ती धोक्याची आहे. कोरडे बेअरिंग त्या वेगात पिंजरा तुटून रोलर फेकू शकते.

रोलर निळसर-तपकिरी पडले असतील तर उष्णता. नट जास्त आवळला होता, ग्रीस कमी होते किंवा ब्रेक अडकून हब तापत होता. पृष्ठभागाचे टवके उडाले असतील तर धातू थकला आहे, जास्त भार आणि जास्त काळ. बारीक ओरखडे आणि एकूण मंदपणा असेल तर धूळ आत गेली आहे.

कपावर रोलरच्याच अंतराने गंजाच्या रेघा दिसल्या तर आत पाणी गेले आणि गाडी तशीच उभी राहिली. आपल्याकडे हे वारंवार दिसते. घाट उतरून तापलेला हब ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभेच्या काठची कितीतरी वाहने पाण्यात राहिली. अशी गाडी सुरू झाली, पळाली म्हणून ती सुखरूप आहे असे समजू नये. हब उघडून ग्रीस बघावे. ते दुधाळ झाले असेल तर सगळे काढून, धुऊन नवे भरावे. हे काम आवाज येण्याआधीचे आहे. रेघ एकदा उमटली की ती ग्रीसने जात नाही.

पाचवे कारण फार कमी लोक ओळखतात. हंगामाआधी बॉडीचे वेल्डिंग निघते, फाळके वाढवतात, खांब लावतात. वेल्डरने अर्थचा चिमटा सोयीसाठी चाकाला किंवा ॲक्सलला लावला तर वेल्डिंगचा करंट परतताना बेअरिंगमधून जातो. रोलर आणि कप यांच्यात बारीक ठिणग्या उडून डाग पडतात आणि काही आठवड्यांनी घरघर सुरू होते. तोवर वेल्डिंग कोणाला आठवत नाही. चिमटा वेल्डिंगच्या जागेला खेटून, त्याच भागावर लावायला सांगा आणि बॅटरीच्या वायरी आधी सोडवा.

कप आणि कोन नेहमी जोडीने बदला. जुन्या कपावर नवा कोन बसवणे ही फसवी बचत आहे, जुन्या कपावरची खाच नवे रोलर खाते. कप काढताना किंवा बसवताना छिन्नीने ठोकू नका, पितळेचा दांडा किंवा प्रेस वापरा.

बसवताना खरा जीव नटमध्ये आहे. चाक फिरवत फिरवत नट आवळायचा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग तो सोडायचा आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या पद्धतीने परत घ्यायचा. हाताने ॲडजस्ट करायच्या अशा हबमध्ये साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर एवढा आत-बाहेर प्ले ठेवतात. तो हाताला कळत नाही, डायल गेज लावूनच मोजावा लागतो. "कच्चून आवळला की बरे" हा समज घातक आहे. थोडे सैल बेअरिंग आवाज करत कुरकुरते. जास्त आवळलेले मुकाट्याने तापत जाते, ग्रीस पातळ होऊन वाहून जाते, पिंजरा तुटतो, रोलर आडवे होतात आणि आतली रिंग दांड्याला चिकटते. तिथून पुढे चाक जाम होणे किंवा निखळणे एवढेच उरते. ग्रीस व्हील बेअरिंगचेच वापरा आणि वेगळ्या जातीची दोन ग्रीस मिसळू नका, मिसळल्यावर ती पातळ होऊन गळू शकतात.

रस्त्यात आवाज आला तर

महामार्गावर रात्री अचानक खरखर सुरू झाली, किंवा चालू खरखरीचा सूर बदलला, तर पूल आणि वळण टाळून, रस्त्याच्या पूर्ण बाहेर गाडी घ्या. इंडिकेटर, त्रिकोण लावा. चाकाला लगेच हात लावू नका. तळहात जवळ नेऊन दोन्ही पुढच्या चाकांची आच ताडून बघा. मधला हब जास्त तापला असेल तर बेअरिंग, बाहेरचा ड्रम तापला असेल आणि जळका वास असेल तर ब्रेक. घाट उतरल्यावर दोन्ही ड्रम गरम असणे साहजिक आहे. एक गरम आणि दुसरा थंड असला तर मात्र बिघाड आहे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकतो. धूर येत असेल तर टायरच्या समोर उभे राहू नका, फुटणारा टायर माणसाला फेकून देतो.

व्हील नट सैल नाहीत ना, हब कॅप जागेवर आहे ना, हे बघा. हब तापलेला असेल किंवा चाकाला डोळ्यांना दिसेल इतका प्ले असेल तर गाडी तिथून पुढे हलवायची नाही, मेस्त्रीला जागेवर बोलवायचे. "निपाणीपर्यंत तरी जाऊ" असे म्हणून काढलेले दहा-पंधरा किलोमीटर कधी कधी स्टब ॲक्सलच खाऊन टाकतात. मालकांनाही सांगणे आहे की रात्री दोनला ड्रायव्हरचा असा फोन आला तर त्याला "हळूहळू घेऊन ये" म्हणू नका. तो त्याच चाकाच्या वर बसलेला असतो.

आणि काम झाल्यावर गाडी थेट भरायला पाठवू नका. आधी रिकामी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, शक्यतो ब्रेक कमी वापरत, आणि परत आल्यावर दोन्ही हबची आच ताडून बघा. दोन्ही सारखेच कोमट लागले तर ॲडजस्टमेंट बरोबर आहे. एक जास्त गरम लागला तर कॅप काढून नट पुन्हा बघा. चाक उतरवले होते म्हणून व्हील नट पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत टॉर्क पान्याने परत एकदा आवळून घ्या, समोरासमोरचे, आळीपाळीने.